मित्रास पत्र: ४२९४९६७२९७ बद्दल

प्रिय मित्रा,

तू विचारलं होतंस की एखादा दहा आकडी नंबर "आवडतो" म्हणजे त्यातलं नेमकं काय आवडतं, आणि मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर सांगून विषय बदलला, कारण हे तोंडी सांगण्यासारखं नाहीये, कागद-पेन लागतं. म्हणून हे पत्र. लांबलचक होणार आहे, कंटाळा आला तर मधली आकडेमोड सोडून पुढे जा, फक्त ६४१ चा भाग सोडू नकोस, सगळी गंमत तिथे आहे.

तर नंबर हा: ४२९४९६७२९७. चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दिसायला काहीच खास नाही, कुणाचा तरी मोबाइल नंबर वाटेल. पण हाच बायनरीत (म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये) लिहिलास तर १, मग एकतीस शून्यं, मग परत १. बास, एवढंच. म्हणजे २ चा बत्तिसावा घात अधिक १. (पुढे मी २^३२ असं लिहितो, टाइप करायला बरं पडतं.) खरं तर याचे शेजारी याच्यापेक्षा फेमस आहेत. एकने कमी असलेला ४२९४९६७२९६ म्हणजे जुन्या पद्धतीच्या, व्हर्जन ४ च्या आयपी ऍड्रेसची एकूण संख्या, आणि दोनने कमी असलेला ४२९४९६७२९५ म्हणजे ३२ बिटमध्ये (बायनरीच्या ३२ घरांत) मावणारा सगळ्यात मोठा आकडा. कोड लिहिणाऱ्यांना ते दोघं तोंडपाठ असतात. आपला मात्र बत्तीस बिटच्या बाहेर पडलेला, ओव्हरफ्लोवाला.

याला प्रसिद्धी मिळाली ती कॉम्प्युटरच्या तीनशे वर्षं आधी, आणि ती पण एका चुकीच्या अंदाजामुळे. पिएर द फर्मा तुला माहितीये, कोर्टातली नोकरी सांभाळून हौसेखातर गणित करणारा माणूस. त्याने १६४० च्या सुमारास पत्रांतून एक गोष्ट मांडली. २ चे घात घे ज्यात घातांक स्वतः दुप्पट होत जातो, १, २, ४, ८, १६, आणि प्रत्येकात १ मिळव. येतात ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचच्या पाच मूळ संख्या. घातांक दुप्पटच का, तर त्यात एखादा विषम अवयव असला की काम आधीच बिघडतं, उदाहरणार्थ २^१२ + १ म्हणजे ४०९७, त्यात १२ = ४ × ३ असल्यामुळे २^४ + १ म्हणजे १७ चा भाग आपोआप जातो (१७ × २४१). म्हणजे १ मिळवून मूळ संख्या हवी असेल तर घातांक १, २, ४, ८ अशातलाच लागतो. फर्माला वाटलं की हे सगळेच्या सगळे मूळ असणार, पुढचा पण, त्याच्या पुढचा पण, कायम. सिद्धता नाही हे त्याने कबूल केलं होतं पण खात्री पक्की होती. आणि सहावा नंबर लागतो तो आपला, ४२९४९६७२९७.

मग जवळजवळ नव्वद वर्षं कुणी तिकडे फिरकलं नाही. १७२९ च्या डिसेंबरमध्ये गोल्डबाखने ऑयलरला पत्र लिहिलं (दोघंही गणितज्ञ, ऑयलर तेव्हा बावीस वर्षांचा पोरगा) आणि पत्राच्या शेवटी सहज विचारलं की फर्माचं हे म्हणणं तुला माहितीये का. ऑयलरने आधी फार उत्साह दाखवला नाही, पण १७३२ मध्ये तो उत्तर घेऊन हजर: ४२९४९६७२९७ ला ६४१ ने भाग जातो.

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. करून बघ, येतं बरोबर.

आता हे ६४१ कुठून काढलं? रांगेत एकेका मूळ संख्येने भागत बसायचं म्हटलं तर वर्गमूळ पासष्ट हजारांच्या वर आहे आणि तिथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. ६४१ त्यात ११६ वी, म्हणजे नशिबाने लवकरच सापडली असती, पण आधी ते कुणाला माहीत असणार? ऑयलरने तो रस्ता घेतलाच नाही. त्याने विचार केला की याला भाग जाणारी मूळ संख्या असलीच तर ती कशी दिसेल.

समजा p नावाची मूळ संख्या आपल्या नंबरला निःशेष भागते. म्हणजे २^३२ ला p ने भागलं तर बाकी -१ (तू p वजा १ म्हण, एकच). वर्ग केला की २^६४ ची बाकी १. म्हणजे २ चे घात ओळीने p ने भागत गेलास तर बाकी ६४ पायऱ्यांनी फिरून १ वर येते, आणि त्याच्या आधी येत नाही, कारण आधी आली असती तर ती ६४ च्या एखाद्या विभाजकावर, म्हणजे ३२ वर किंवा १६, ८ वगैरेंवर आली असती आणि मग ३२ वर सुद्धा १ च असती, पण तिथे तर -१ बसलाय. आता फर्माचंच छोटं प्रमेय आठव, की p ने भागताना p - १ पायऱ्यांवर बाकी १ येतेच येते. म्हणून p - १ ला ६४ ने भाग जायलाच पाहिजे. म्हणजे p ही ६४ च्या पाढ्यातल्या आकड्यापेक्षा एकने मोठी. बाकी सगळ्या मूळ संख्या एका फटक्यात बाद!

पाढा म्हण: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या संयुक्त काढून टाक (६५ ला ५, १२९ ला ३, ३२१ ला ३, ३८५ ला ५, ५१३ ला ३), उरल्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाच भागाकार. पाचव्यात सापडली. सहा हजारांवरून पाचवर आलो आपण, ते पण नुसतं बसल्या जागी विचार करून.

पुढे १८७८ मध्ये ल्युकास या गणितज्ञाने दाखवलं की ६४ नाही, १२८ चाच पाढा पुरतो. मग यादी अजून छोटी, १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१, त्यात मूळ फक्त २५७ आणि ६४१. आणि २५७ तर फर्माच्याच यादीतला आहे, त्या यादीतल्या कुठल्याही दोन नंबरांना समान अवयव नसतो (हे गोल्डबाखनेच दाखवलेलं, पुढे येतं), म्हणजे २५७ पण बाद. राहिला एकच, ६४१. पहिल्याच भागाकारात काम खल्लास. मला हे दर वेळी भारी वाटतं, की एवढ्या अवाढव्य नंबराला "तुला कोण भागतं रे" म्हणून विचारलं तर तो थेट एकाच नावाकडे बोट दाखवतो.

आणि आता ज्यावर आपलं भांडण होऊ शकतं ते. फर्माकडे हे हत्यार होतं की नाही? माझ्या मते शंभर टक्के होतं. १६४० मध्येच त्याने २^३७ - १ म्हणजे १३७४३८९५३४७१ मूळ नाही हे दाखवलं, आणि ते याच रीतीने. तिथे विभाजक ७४ च्या पाढ्यापेक्षा एकने मोठा लागतो: ७५, १४९, २२३. ७५ तर मूळच नाही, १४९ ने भाग जात नाही, २२३ ने जातो. झालं. म्हणजे तोच माणूस, तीच युक्ती, तेच वर्ष, आणि आपल्या नंबरावर पाच भागाकार केले नाहीत किंवा केले आणि कुठेतरी हातचा चुकला. दहा आकड्यांना तीन आकड्यांनी भागणं त्याच्यासाठी किरकोळ होतं रे. एक अंदाज असाही बांधतात की त्याने आपल्या छोट्या प्रमेयाची चाळणी २ घेऊन लावली असेल आणि नंबर त्यातून पास झाला असेल. कारण तो पास होतोच! २ चा घात नंबर वजा एक, म्हणजे २^(२^३२), त्याची बाकी काढायची, पण बाकी तर दर ६४ पायऱ्यांनी १ होते आणि २^३२ ला ६४ ने भाग जातो, म्हणून बाकी १, आणि मूळ संख्येला जशी यायला हवी तशीच. फर्माच्या यादीतला कुठलाही नंबर घे, मूळ असो नसो, २ वाल्या टेस्टमध्ये तो पास होणारच, म्हणजे इथे ही टेस्ट पूर्ण निरुपयोगी आहे. ३ घेऊन केलं असतं तर लगेच नापास झाला असता. १८७७ मध्ये पेपँ या गणितज्ञाने अशीच एक टेस्ट बसवली, जी ३ घेऊन या यादीसाठी अजूनही वापरतात.

६४१ बद्दल अजून एक, आणि हे बघितल्यावर तू भागाकार विसरशील. ६४१ दोन प्रकारे लिही:

६४१ = ५ × १२८ + १, म्हणजे ५ × २^७ + १
६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४

पहिल्यावरून, ६४१ ने भागताना ५ × २^७ ची बाकी -१. त्याचा चौथा घात कर, ५^४ × २^२८ ची बाकी १. आता दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी -२^४ टाकता येतं. मग -२^४ × २^२८ म्हणजे -२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग. संपलं! एकही मोठा गुणाकार नाही, तोंडी होतं. (ऑयलरने असं केलं नव्हतं, हे नंतरच्या लोकांनी केलेलं पॉलिश आहे.)

तोंडीवरून आठवलं, झेरा कोलबर्न म्हणून एक अमेरिकन मुलगा होता, जन्म १८०४ चा, तो आठ वर्षांचा असताना लंडनमध्ये लोक त्याला आकडेमोडीचे प्रश्न विचारायचे. त्याला हा नंबर दिला तर त्याने मनातल्या मनात सांगितलं की ६४१ ने भाग जातो. कसं केलं ते त्याला स्वतःला नीट सांगता यायचं नाही. ऑयलरनंतर ऐंशी वर्षांनी, तरी पण आठ वर्षांचं पोर, विचार कर.

दुसरा अवयव ६७००४१७, तो मूळ आहे का? हे पण त्याच पाढ्याने. त्याला भागणारी मूळ संख्या आपल्या मोठ्या नंबराला पण भागणारच, म्हणजे १२८ च्या पाढ्यापेक्षा एकने मोठी असणार, आणि वर्गमूळ २५८८ च्या आसपास, म्हणजे तिथपर्यंतच बघायचं. २५७ बाद आहेच, उरतात ६४१, ७६९, ११५३, १४०९, फक्त चार. मी कागदावर केले, बाक्या आल्या ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही. म्हणजे ६७००४१७ मूळ. तू पण कर, दहा मिनिटांचं काम आहे आणि सदुसष्ट लाखांची संख्या मूळ आहे हे स्वतःच्या हाताने सिद्ध केल्याचा माज करता येतो.

आता वर्गांचा खेळ. आपला नंबर ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग आहे हे तर उघड आहे, ६५५३६ म्हणजे २^१६. पण तो दुसऱ्या प्रकारे पण दोन वर्गांची बेरीज आहे: ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग. मूळ संख्या असती तर असं दोन प्रकारे जमलंच नसतं, मूळ संख्येला दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहायचा एकच मार्ग असतो (असला तर). म्हणजे कुणी तुला नुसती ही दुसरी बेरीज दिली, ६४१ चं नावही न घेता, तरी नंबर संयुक्त आहे हे कळलं.

आणि हे दोन प्रकार येतात कुठून बघ. ६४१ = २५ चा वर्ग + ४ चा वर्ग. ६७००४१७ = २५५६ चा वर्ग + ४०९ चा वर्ग. आता दोन वर्गांच्या बेरजा एकमेकींना गुणल्या की परत दोन वर्गांची बेरीजच येते, हे ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात त्याच्या वर्गप्रकृतीच्या गुणाकारात आणखी व्यापक रूपात दिलेलं आहे. तिरकस गुणाकार कर:

२५ × २५५६ = ६३९००, ४ × ४०९ = १६३६
२५ × ४०९ = १०२२५, ४ × २५५६ = १०२२४

६३९०० आणि १६३६ ची बेरीज बरोब्बर ६५५३६, आणि १०२२५ वजा १०२२४ म्हणजे १. ही झाली पहिली जोडी. उलट चिन्हं घेतली की ६३९०० - १६३६ = ६२२६४ आणि १०२२५ + १०२२४ = २०४४९, ही दुसरी. ते १०२२५ आणि १०२२४ एकमेकांना इतके खेटून येतात तिथे मी पहिल्यांदा पेन खाली ठेवलं होतं. म्हणजे हे व्हायलाच हवं हे कळतं, तरी पण. आणि वर बोनस, २०४४९ स्वतःच १४३ चा वर्ग आहे, म्हणजे आपला नंबर ६२२६४ चा वर्ग अधिक १४३ चा चौथा घात. यामागे काही कारण असेल असं मला वाटत नाही, योगायोग म्हणून सोडून दे.

आता तो दोनने कमी असलेला शेजारी, ४२९४९६७२९५. त्याचे अवयव: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. फर्माच्या यादीतले आधीचे सगळे! हे नेहमीच होतं, यादीतला कुठलाही नंबर म्हणजे आधीच्या सगळ्यांचा गुणाकार अधिक २. म्हणूनच दोघांना समान अवयव असू शकत नाही, असला तर त्याने २ ला पण भागायला हवं, आणि हे सगळे तर विषम. वर गोल्डबाखचं म्हणत होतो ते हेच.

आणि इथे भूमिती घुसते. मार्च १७९६ मध्ये गाउसने, एकोणीस पूर्ण व्हायला महिना बाकी असताना, दाखवलं की सतरा समान बाजूंची आकृती नुसत्या पट्टी-कंपासने काढता येते. मग पूर्ण नियमच मिळाला (उलट बाजू वाँझेलने १८३७ मध्ये पक्की केली): विषम बाजू असतील तर बाजूंची संख्या फर्माच्या यादीतल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असली तरच आकृती निघते. माहीत असलेल्या अशा मूळ संख्या पाचच, म्हणून असे विषम आकडे एकूण ३१, सगळ्यात मोठा ४२९४९६७२९५. हेर्मेस नावाच्या माणसाने ६५५३७ बाजूंवर दहा वर्षं घालवली आणि कागदांची पेटी ग्योटिंगेनला ठेवली, काय बोलणार. आपला नंबर मूळ असता तर त्याच्याएवढ्या बाजूंची आकृती पण निघाली असती. नाही निघत.

आता पास्कलचा त्रिकोण काढ. विषम आकड्याच्या जागी १ लिही, समच्या जागी ०, आणि प्रत्येक ओळ बायनरी नंबर म्हणून वाच. १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७... पहिला १ सोडला तर हीच ती पट्टी-कंपासवाली यादी, त्याच क्रमाने! एकही सुटत नाही, एकही जास्त नाही, एकतीसच्या एकतीस. एकतिसावी ओळ (वरचा १ शून्यावी धरून) सगळी एकांची, ४२९४९६७२९५. आणि त्याच्या खालच्या ओळीत १, एकतीस शून्यं, १. आपला हिरो. आणि नेमका तिथेच पॅटर्न फुटतो, कारण त्याला ६४१ ने भाग जातो. बत्तीस ओळी कुणालाही "हे कायम चालणार" असं वाटायला लावणारी गोष्ट आणि मग धाडकन. फर्माला मी म्हणूनच फार नावं ठेवत नाही, तो पाचच नंबर बघून फसला, इथे एकतीस बघून पण फसायला होतं. आणि खरं सांगू, हा नंबर मूळ निघाला असता तर मला एवढा आवडला नसता, मग तो यादीतला अजून एक झाला असता आणि ६४१, ती वर्गांची दुसरी जोडी, यातलं काहीच नसतं.

पुढचं थोडक्यात. यादीतला पुढचा, २^६४ + १, त्याचे अवयव २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१, लँड्रीने १८८० मध्ये छापले, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. त्यानंतर जेवढे तपासून झाले त्यातला एकही मूळ निघालेला नाही. २^३२ + १ पासून घातांक दुप्पट करत २^(२^३२) + १ पर्यंत गेलास तर सगळे संयुक्त. त्यातल्या दोघांची, २^(२^२०) + १ आणि २^(२^२४) + १ यांची, तर अशी गंमत आहे की ते मूळ नाहीत हे नक्की माहितीये पण त्यांना भागणारा एकही आकडा अजून कुणाला सापडलेला नाही. पुढचा न सुटलेला २^(२^३३) + १, तो लिहायला अडीचशे कोटींहून जास्त अंक लागतात, त्याचं मूळ का संयुक्त ते अजून ठरलेलं नाही. मी पैज संयुक्तवर लावतो. तुला मूळवर लावायची असेल तर कळव, पण त्याआधी ते चार भागाकार करून बाक्या जुळतात का ते सांग.

तुझा मित्र